कोयना-चांदोलीचं सदाहरित रान: आठ कोरड्या महिन्यांत ते हिरवं कसं राहतं, आणि तुटलेलं परत कसं आणायचं?

वारणाकाठ (शिराळा)

वर्षावन म्हटलं की अ‍ॅमेझॉन, काँगो नाहीतर बोर्निओ आठवतं. पण २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा जागतिक वारशात गेल्या, त्यांत महाराष्ट्रातल्या चार आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. पहिल्या तीन आपल्या सातारा-सांगलीच्या माथ्यावर आहेत. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तरीही या रानाबद्दल मराठीत नेमकी माहिती एका जागी सापडत नाही.

जाणकारांनी तीन गोष्टी सांगाव्यात. आपलं रान खरोखर वर्षावन आहे का? खालच्या गावांना त्याचा नेमका उपयोग काय? आणि जंगलाच्या कडेला मालकीची पड जमीन असेल (समजा ३ एकर उतार, जुने बुंधे, बाकी गवत आणि रानमोडीचं तण), तर तिथे हे रान परत आणता येतं का? कृपया पायऱ्या, मापं आणि चुका सविस्तर लिहा.

भोमा (पाटण)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

हवामानशास्त्रात कोपेनच्या वर्गवारीप्रमाणे खऱ्या विषुववृत्तीय वर्षावनात एकही महिना ६० मिलिमीटरपेक्षा कमी पावसाचा नसतो. आपल्याकडे नोव्हेंबर ते मे जवळजवळ कोरडा. म्हणजे त्या मापाने आपण नापास. पण एकूण पाऊस बघा. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात सरासरी दोन-सव्वादोन हजार मिलिमीटर, तोही बारा महिन्यांत वाटलेला. महाबळेश्वरात साडेपाच हजारांच्या पुढे, आणि तो बहुतांश चार महिन्यांत. पाण्याची कमतरता नाही, अडचण आहे ती पाण्याशिवाय काढायच्या सात-आठ महिन्यांची.

पश्चिम घाटात दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना हा कोरडा काळ वाढत जातो. केरळच्या दक्षिण टोकाला तो दोन-तीन महिन्यांचा, आपल्याकडे त्याच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे तिकडची उंच, सरळसोट झाडं इकडे येता येता एकेक करून गळतात आणि कोरडेपणा सोसणारी मोजकी मंडळी उरतात. वनस्पतीतज्ज्ञ आपल्या माथ्यावरच्या सदाहरित रानाला तीन झाडांच्या नावाने ओळखतात: अंजनी, जांभूळ आणि पिसा. त्यांच्या जोडीला हिरडा, फणसाडा, आंबा, लोखंडी, भोमा, आणि वेलींत गारंबी. उतारावरून खाली आलात की नाणा, किंजळ, ऐन सुरू होतात. तिथे रान निमसदाहरित होतं आणि पुढे पानगळीचं.

उंचीवरून फसू नका. दक्षिणेत झाडांच्या शेंड्यांचं छत तीस-चाळीस मीटरवर असतं. आपल्याकडे माथ्यावर वारा आणि उथळ माती, म्हणून बहुतेक ठिकाणी १० ते १५ मीटर. घळीत, ओढ्याकाठी झाडं चांगलीच वाढतात. रान बुटकं असलं तरी त्याचं काम वर्षावनाचंच.

एक व्यावहारिक सूचना. रोपवाटिकेत नुसतं ‘अंजन’ मागू नका. खानदेशातल्या कोरड्या डोंगरावरचं, शेंगांचं ‘अंजन’ हे पूर्ण वेगळं झाड हातात पडतं. आपली अंजनी म्हणजे फांदीला चिकटून जांभळ्या-निळ्या फुलांचे घोस येणारी, जाड चिवट पानांची.

शीळकरी (मेढा)

भोमादादांच्या यादीला जोड. वर्षावनाच्या खुणा पुस्तकात शोधायची गरज नाही, त्या आपल्या परसात आहेत. फणस आणि उंबर यांची फळं थेट खोडावर येतात, ही वर्षावनातल्या झाडांची खास सवय. छताखालच्या दाट अंधारात वटवाघळं, उदमांजरं अशा फळखाऊ प्राण्यांना खोडावरचं फळ सहज सापडतं. आंब्याची, जांभळाची कोवळी पालवी तांबूस असते, हिरवेपणा मागाहून येतो. कोवळं पान किड्यांनी खाल्लं तर झाडाने हरितद्रव्यावर केलेला खर्च वाया जातो, म्हणून पान जून होईपर्यंत झाड तो खर्चच टाळतं.

दाट छताखाली जमिनीपर्यंत शेकडा एक-दोन टक्के उजेड पोचतो. म्हणून चांगल्या रानात चालायला मोकळं असतं, गुंतागुंतीची झुडपं कडेला असतात. झुडपांतून वाट काढावी लागत असेल तर छत कुठेतरी फुटलेलं आहे असं समजा.

माणदेशी (दहिवडी)

सर्व वाचतोय. एक शंका मनापासून विचारतो. आमच्याकडे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. वर्षावनं जगाचा २० टक्के ऑक्सिजन देतात असं ऐकलंय, ते पटतं. पण माण, खटाव, आटपाडी, जत या भागाला त्या जंगलाचा थेट काय उपयोग? आणि तिकडचं जंगल वाढलं तर इकडे पाऊस वाढेल का?

पाणीसाठा (कराड)

माणदेशी, प्रश्न महत्त्वाचा आहे. आधी ऑक्सिजनची चूक दुरुस्त करू, कारण ती फार पसरली आहे.

झाडं दिवसा ऑक्सिजन सोडतात हे खरं. पण तीच झाडं श्वसनात तो वापरतात, आणि गळलेली पानं-लाकूड कुजवणारी बुरशी, जिवाणू, वाळवी उरलेला वापरतात. पूर्ण वाढलेल्या जंगलाची गोळाबेरीज जवळजवळ शून्य होते. हवेतला सुमारे २१ टक्के ऑक्सिजन कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे, एखादं जंगल गेलं म्हणून आपला श्वास कोंडणार नाही. जंगलाचं महत्त्व दुसरीकडे आहे. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग कार्बन असतो. तोडून जाळलं की तो हवेत जातो. शिवाय उष्णकटिबंधीय वर्षावनं जमिनीचा सहा-सात टक्के भाग व्यापतात आणि जगातल्या निम्म्याहून अधिक जीवजाती तिथे राहतात.

आता पाऊस. अ‍ॅमेझॉनमध्ये झाडांनी हवेत सोडलेली वाफ पुन्हा पाऊस होऊन आत आत पडत जाते, तिथल्या पावसाचा मोठा वाटा असाच फिरता आहे. आपल्या मोसमी पावसाची वाफ मुख्यतः समुद्रावरून येते. माणमध्ये पाऊस कमी पडतो तो पर्जन्यछायेमुळे. ढग सह्याद्री चढताना रिकामे होतात आणि उतरणारी हवा गरम, कोरडी होते. तेव्हा कोयनेत झाडं लावून दहिवडीचा पाऊस वाढेल असं मी म्हणणार नाही.

पण तुमचं पाणी मात्र तिथूनच येतं. उरमोडी कासच्या परिसरात उगम पावते आणि तिचं पाणी माण-खटावला उचलून दिलं जातं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना कृष्णेवर आहेत. कृष्णा आणि कोयना दोन्ही महाबळेश्वरच्या माथ्यावर जन्मतात. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी, चांदोलीच्या वारणा धरणाची ३४.४०. या धरणांच्या पाणलोटात उतारावर जंगल आहे की उघडी माती, यावर धरणात पाण्याबरोबर गाळ किती येतो हे ठरतं. आटपाडीच्या डाळिंबाला मिळणाऱ्या पाण्याचा हिशेब अशा रीतीने कोयनेच्या रानातल्या वासोट्याच्या झाडीपर्यंत जातो.

आकडा डोळ्यांसमोर ठेवा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाच हजार मिलिमीटर पावसाच्या जागी एका एकरावर वर्षाला सुमारे दोन कोटी लिटर पडतं. उघड्या, गुरांनी तुडवलेल्या उतारावर थेंब मातीची छिद्रं बुजवतो, वर पापुद्रा धरतो आणि पाणी माती घेऊन धावतं. जंगलात थेंब आधी छतावर फुटतो, मग पाचोळ्यावर पडतो, मग मुळांच्या आणि गांडुळांच्या पोकळ्यांतून आत जातो. माथ्यावर जांभा दगड आहे, त्याला चिरा आणि छिद्रं भरपूर. पाणी त्यातून झिरपतं, खालच्या चिकट मातीच्या किंवा बेसाल्टच्या थरावर अडतं आणि कडेने झऱ्याच्या रूपात बाहेर येतं. डोंगरकपारीतली वस्ती, मंदिर, पाणवठा बहुतेक याच रेषेवर का असतात, ते यावरून कळेल.

दोन गोष्टी मात्र खऱ्या सांगितल्या पाहिजेत. एक, झाडं स्वतः पाणी पितात, त्यामुळे जंगलातून वर्षभरात वाहून येणारं एकूण पाणी उघड्या जमिनीपेक्षा कमी असू शकतं. फायदा वेळेचा आहे: जुलैतलं थोडं कमी, फेब्रुवारीतलं थोडं जास्त. दोन, महापुराच्या दिवशी जंगल चमत्कार करत नाही. २०२१च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला. एवढ्या पावसात जमीन काही तासांत पूर्ण भिजते आणि पुढचं पाणी जंगलातूनही वाहतंच. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गेली. मुळं वरचा एक-दोन मीटर मातीचा थर घट्ट धरतात, त्याखालचा कडा सरकत असेल तर झाडासकट सरकतो. म्हणून नुसती झाडं लावून दरडीचा धोका गेला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. उताराला फोडलेला रस्ता, बुजलेला ओघळ आणि माथ्यावर साचणारं पाणी आधी बघा.

भोमा (पाटण)

पाणीसाठा यांच्या पोस्टला पूर्ण अनुमोदन. आता मला जी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती लिहितो, कारण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यावर उभं आहे.

वर्षावनाची माती सुपीक असते हा समज चुकीचा आहे. एवढ्या पावसात क्षार धुऊन जातात. अन्न मातीत कमी आणि झाडांत, पाचोळ्यात जास्त असतं. पान पडलं, कुजलं, की वरवरच्या मुळांनी बुरशीच्या मदतीने ते लगेच परत घेतलं, असा हा व्यवहार. अ‍ॅमेझॉनमध्ये तर फॉस्फरसची तूट सहारा वाळवंटातून वाऱ्यावर येणारी धूळ काही प्रमाणात भरून काढते, इतकी तिथली माती धुतलेली आहे. म्हणून जंगल कापून काढलेल्या शेतात दोन-तीन वर्षं पीक बरं येतं आणि मग जमीन दमते. आपल्याकडची जुनी कुमरी शेती याच कारणाने फिरती होती: तोडा, भाजा, नाचणी-वरी घ्या, पुढे जा, जुनी जागा बरीच वर्षं पडीक ठेवा. पडीक ठेवायची वर्षं कमी झाली तिथे डोंगर बोडके झाले.

बारमाही पावसाच्या जंगलात पाचोळा बाराही महिने कुजतो. आपल्याकडे तो डिसेंबर ते मे कोरडा पडून राहतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंजनी-जांभूळही जुनी पानं टाकून नवी पालवी घेतात, त्याची भर पडते. म्हणजे वणव्याच्या ऐन हंगामात जमिनीवर जळण तयार. तरीही बंद छताच्या रानात वणवा फारसा शिरत नाही. सावलीत गवत उगवत नाही, खालची हवा दमट असते, पाचोळा तळाशी ओलसर असतो. आग शिरलीच तर घोट्याएवढी, रांगत जाते.

छत फुटलं की गणित उलटतं. उजेड आला की गवत आलं. गवत डिसेंबरात वाळतं आणि कमरेएवढ्या ज्वाळेने जळतं. त्या आगीत अंजनी, पिसा, फणसाडा यांची पातळ सालीची पोरं मरतात. कुंभा, आवळा यांच्यासारखी जाड सालीची किंवा बुडातून पुन्हा फुटणारी तेवढी जगतात. पुढच्या वर्षी उजेड आणखी, गवत आणखी, आग आणखी. एखाद्या उतारावर फक्त कुंभा, आवळा, रामेठा आणि गवत दिसत असेल तर तिथे दरवर्षी आग लागते असं खुशाल समजा, कुणाला विचारायची गरज नाही.

वारणाकाठ, तुमच्या ३ एकरांचा सगळा प्रश्न एवढाच: गवत जाऊन सावली कधी येईल? किती रोपं लावली हा आकडा दुय्यम आहे.

शीळकरी (मेढा)

आणि ती सावली आणणारे मजूर फुकट आहेत. बुलबुल, हारीत, कस्तुर, धनेश, उदमांजर, वटवाघूळ. हिरडा, जांभूळ, पिसा, अंजनी ही सगळी फळझाडंच आहेत, त्यांचं बी वाऱ्याने जात नाही, पोटातून जातं. लहान बिया बुलबुलही नेतो. मोठ्या बियांना मोठी चोच किंवा मोठं तोंड लागतं. म्हणून धनेश आणि उदमांजर गेले की जंगल दिसायला तसंच राहतं, पण मोठ्या बियांची झाडं आईच्या सावलीतच अडकून पडतात.

धनेशाला ढोलीसाठी जुनं, जाड झाड लागतं. मादी ढोलीत स्वतःला बंद करून घेते, बारीक फट तेवढी उघडी ठेवते, आणि नर तिला अडीच-तीन महिने फळं भरवतो. त्या काळात नर मेला तर घरटं संपलं. वठलेलं जुनं झाड ‘काही उपयोगाचं नाही’ म्हणून तोडताना एवढं लक्षात असू द्या.

उंबर, पायर, नांदुर्की, वड यांच्याबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यांची फुलं फळाच्या आत असतात आणि प्रत्येक जातीची स्वतःची बारीक गांधीलमाशी ते परागीकरण करते. उंबरात किडे निघतात म्हणून नाक मुरडू नये, ते किडे नसतील तर उंबरच नाही. त्या माशीला वर्षभर कुठे ना कुठे कोवळं फळ लागतं. म्हणून एका जातीची सगळी झाडं एकदम फळत नाहीत, एक संपलं की दुसरं. बाकी रान रिकामं असतं तेव्हा प्राण्यांना हीच झाडं जगवतात. एका उताराला एक जरी मोठं उंबर-नांदुर्की असलं तर त्याच्याखाली आसपासच्या सगळ्या झाडांची रोपं सापडतात.

वाईची रोपवाटिका

वारणाकाठ, आता पायऱ्या. लांब लिहिते, पण क्रम मोडू नका.

पहिल्या वर्षी काहीही लावू नका. फक्त तीन गोष्टी करा: आग बंद, चराई बंद, मोजणी. जुने बुंधे मोजून प्रत्येकाला चुन्याची खूण करा. अंजनी, जांभूळ, हिरडा, नाणा हे बुडापासून फुटतात. त्यांची मुळं आधीच खोल आहेत, म्हणून एक फुटवा दहा रोपांच्या तोडीचा. एका बुंध्याला आठ-दहा फुटवे येतात. पहिल्या वर्षी सगळे राहू द्या. दुसऱ्या पावसाळ्यानंतर जोमदार दोन-तीन ठेवून बाकीचे काढा. आधीच काढले तर गुरं, सांबर नेमके राखलेले खातात आणि हाती काही उरत नाही. खरं तर अनुसूचित (कायद्याच्या यादीतल्या) झाडांवर कोयता चालवण्याआधी वनरक्षकाला विचारून घ्या, महाराष्ट्रात त्यासाठी १९६४चा वृक्षतोड कायदा आहे, मालकीच्या जमिनीलाही तो लागू होतो.

एकरी ८०-१०० जिवंत बुंधे असतील तर बहुतेक लागवडीची गरजच पडत नाही. फक्त राखा.

रानमोडी जुलै-ऑगस्टमध्ये, माती भिजलेली असताना, मुळासकट उपटा. थंडीत ती फुलते आणि बी वाऱ्यावर जातं, तेव्हा उपटली तर आपणच बी झटकतो. सगळा उतार एकदम मोकळा करू नका, माती वाहून जाईल. उताराला आडवे, दहा-दहा फुटांचे पट्टे घ्या: एक काढा, एक ठेवा, राहिलेला पुढच्या वर्षी. घाणेरीचं तंत्र वेगळं. वरून कापली की दुप्पट फुटते. जमिनीखाली दोन-तीन बोटांवर, फुटवे जिथून येतात त्याच्या खालून, मुख्य मूळ टिकावाने तोडा आणि झुडूप तिथेच मुळं वर करून उलटं ठेवा. मातीला मूळ टेकलं की ते पुन्हा धरतं.

दुसऱ्या वर्षी पक्ष्यांना बसायला थांबे. दहा-बारा फुटांच्या बांबूला वर आडवी काठी, एकरी पंधरा-वीस. त्याहून चांगलं म्हणजे नांदुर्की, वड, पायर यांचे खुंट. मनगटाएवढी जाड, सहा-सात फूट लांब फांदी मेच्या शेवटी किंवा पहिल्या पावसाबरोबर घ्या, खालचं टोक तिरकं कापा, वरच्या टोकाला शेण-माती लिंपा, दीड-दोन फूट खोल गाडून माती घट्ट दाबा. निम्मे जगले तरी उत्तम. उंबर खुंटाने नीट धरत नाही, ते बियांपासून करा: पिकलेली फळं पाण्यात कुस्करा, तळाला बसलेलं बी घ्या, विटांचा चुरा आणि पानखत यांच्यावर नुसतं पसरा. वर माती टाकू नका, त्या बीला उजेड लागतो. पाणी झारीने नाही, फवाऱ्याने.

बिया कधी घ्यायच्या यात सगळ्यांत जास्त फसगत होते. जांभूळ, कोकम, फणस, आंबा यांच्या बिया वाळवून साठवता येत नाहीत, वाळल्या की मेल्या. जांभळाचं बी गर धुऊन, सावलीत ठेवून, पंधरा दिवसांत पेरा. एका बीतून दोन-तीन कोंब येतात, त्यांतला जोमदार ठेवा. हिरड्याचं उलट: बी दगडासारखं, गर पूर्ण काढून, कवचाला हलकी चीर देऊन दोन दिवस पाण्यात ठेवा, तरी उगवण कमी आणि सावकाश. दसपट बी पेरायची तयारी ठेवा. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी. पाच-दहा रोपांत एखाद-दोन मादीच निघाल्या तर फळ कमी दिसेल, म्हणून वीस तरी लावा.

पिशवी आधी ५ × ८ इंच, दुसऱ्या वर्षी ८ × १२. माती दोन भाग, वाळू एक, कुजलेलं शेणखत एक, आणि त्याच जातीच्या जुन्या झाडाखालची मूठभर माती (मालकीच्या जागेतली, अभयारण्यातली नव्हे), तिच्यातून मुळांची बुरशी येते. दीड वर्षापेक्षा लहान रोप उतारावर लावू नका. लावताना पिशवीच्या तळाशी गुंडाळलेली मुळं एक इंच कापून टाका. ती तशीच राहिली तर रोप तीन वर्षं बरं दिसतं, चौथ्या वर्षी वाऱ्याने बुडातून उलटतं.

वारणाकाठ (शिराळा)

खूप उपयोगी. तीन शंका. खड्डा केवढा? मियावाकी पद्धतीने (खूप दाट लागवड करून) केलं तर लवकर होईल का? आणि सदाहरित झाडंच पाहिजेत तर थेट अंजनी-पिसा का लावू नये?

वाईची रोपवाटिका

खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल, मेमध्ये. वरची माती वेगळी ठेवून ती तळाला घाला. मोकळ्या जागी अंतर अडीच ते तीन मीटर, म्हणजे एकरी साडेचारशे ते साडेसहाशे.

इथे माणदेशातली पद्धत इकडे आणू नका. तिकडे खोलगट आळं करून पाणी धरतात. चार-पाच हजार मिलिमीटर पावसात खोलगट आळं म्हणजे जुलैभर भरलेली डबकी, मुळं कुजतात आणि रोप ऑगस्टमध्ये पिवळं पडतं. लोक त्याला खत घालतात, त्याने आणखी बिघडतं. खड्डा भरून वर चार बोटं उंचवटा करा आणि उताराच्या वरच्या अंगाला छोटी चर देऊन पाणी बाजूला काढा. लागवड पहिल्या मोठ्या पावसानंतर, जुलैच्या मध्यापर्यंत. उशीर झाला तर मुळांना पावसाळा पुरत नाही. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला की चार इंच पाचोळ्याचं आच्छादन, बुडापासून तीन बोटं दूर, नाहीतर वाळवी साल खाते.

थेट अंजनी-पिसा का नाही? कारण ती सावलीत वाढलेली पोरं आहेत. उघड्यावर ऑक्टोबरच्या उन्हात पानं करपतात आणि मार्च-एप्रिलमध्ये रोप जातं. आधी उजेड सोसणारी: चांदाडा, भोमा, पांगारा, काटेसावर, नाणा, आणि उंबर-नांदुर्की. त्यांची सावली डोक्याच्या वर गेली, गवत विरळ झालं, की चौथ्या-पाचव्या वर्षी त्यांच्याखाली अंजनी, पिसा, फणसाडा, हिरडा. करवंद, तोरण यांची जाळी काढू नका, जाळीच्या पोटात लावलेलं रोप गुरांपासून वाचतं.

मियावाकीत चौरस मीटरला साधारण तीन रोपं, म्हणजे एकरी बारा हजार. शहरातल्या, मुरूम टाकलेल्या जागी तिचा उपयोग होतो. जिवंत बुंधे आणि जवळ जंगल असलेल्या सह्याद्रीच्या उतारावर ती उधळपट्टी आहे. आणि घाईघाईत गिरिपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ लावू नका. ती वेगाने वाढतात खरी, पण त्यांच्यावर आपल्या फळखाऊ पक्ष्यांना खायला काही नाही, म्हणून पुढचं रान तिथे उगवत नाही.

सडा (सातारा)

कृपया एक इशारा धाग्यात ठळक राहू द्या. सड्यावर झाडं लावू नका. जांभ्याच्या सपाट माथ्यावर वीतभरच माती असते. तिथे तेरडा, गेंद, सीतेची आसवं यांचं स्वतःचं जग आहे. कास पठारावर साडेआठशेहून जास्त वनस्पती नोंदल्या गेल्या आहेत. झाड तिथे मुळात नव्हतंच, तो तुटलेल्या जंगलाचा अवशेष नव्हे. चांदोलीतला झोळंबीचा सडाही तसाच. ओळखायची खूण: पहार मारली आणि वीतभरात दगड लागला, आसपास एकही जुना बुंधा नाही, पावसाळ्यात पाणी साचून डबकी होतात. असं असेल तर जागा राखा, फुलांच्या दिवसांत तुडवू नका, खड्डे तर मुळीच नकोत. सह्याद्रीतल्या कित्येक बेडकांना याच डबक्यांचा आधार आहे. कोयनेच्या नावाचा भेक (१९६३ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेला) याच भागातला.

भोमा (पाटण)

सडा यांना शंभर टक्के पाठिंबा.

मधाचा विषय राहिला. महाबळेश्वरच्या बाजूला जांभूळ, हिरडा, गेळा यांचा मध वेगवेगळा ओळखला जातो, आणि सात वर्षांनी कारवी फुलते तेव्हाचा वेगळा. २०२२ मध्ये तिथलंच मांघर हे ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. सातेरी माशीच्या पेट्यांना एप्रिल-मेमध्ये फुलोरा लागतो आणि तो रानातल्या मोठ्या झाडांचाच असतो, म्हणून मधपाळाला जंगल राखण्यात रोख फायदा आहे.

औषधाचं उदाहरणही लांबचं नको. नरक्या हे आपल्या सदाहरित रानातलं लहान झाड. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं, आणि त्या द्रव्यावरून टोपोटेकन, इरिनोटेकन ही कर्करोगावरची औषधं तयार झाली. मागणी वाढली तशी सह्याद्रीत त्याची चोरटी तोड झाली, मुळासकट. बुंधा राखून कापलं असतं तर ते पुन्हा फुटलं असतं. तुमच्या कडेला नरक्या दिसला तर जागा जाहीर करू नका.

माणदेशी (दहिवडी)

ऑक्सिजनची चूक दुरुस्त केल्याबद्दल आभार. शेवटचा प्रश्न: जाळरेषा (वणवा अडवायला साफ केलेला पट्टा) नेमकी कधी आणि केवढी? आमच्याकडेही कुरणं पेटतात.

पाणीसाठा (कराड)

सरकारी हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, पण काम त्याच्या आधी संपलं पाहिजे. रुंदी पाच-सहा मीटर, उताराच्या खालच्या कडेला आणि वाटेच्या बाजूने आणखी दोन मीटर जास्त, कारण आग चढावर वेगाने धावते आणि बहुतेक वणवे वाटेवरून सुरू होतात. नोव्हेंबरमध्ये गवत पूर्ण वाळायच्या आत बुडातून कापा आणि वैरणीला न्या, तिथेच टाकू नका. जानेवारीअखेर पट्टा झाडून माती दिसेल इतका स्वच्छ करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होऊन पट्टा पुन्हा भरतो, इथेच बहुतेकांचं चुकतं. म्हणून दर पंधरा दिवसांनी झाडणं, मेअखेरपर्यंत. पट्टा जाळून करायचा असेल तर एकट्याने कधीच नाही: वनखात्याला कळवून, पहाटे, वारा पडलेला असताना, दोन्ही बाजूंना ओल्या डहाळ्या घेतलेली माणसं उभी करून. आणि झाडलेला पाचोळा जाळू नका, आत रोपांच्या बुडाशी टाका.

वारणाकाठ (शिराळा)

सगळ्यांचे आभार. यंदा फक्त बुंधे मोजणं, कुंपण आणि नोव्हेंबरात जाळरेषा, एवढंच करायचं ठरवलं आहे. मोजणी झाली की कुठल्या जातीचे किती बुंधे निघाले त्याची यादी याच धाग्यावर टाकतो, मग रोपांचं ठरवू.